कुणाला विचारायचं?

"कालपर्यंत चालत होतं."

अडकलेला प्रोग्रामर तोंड उघडतो ते बहुतेक वेळा याच वाक्यानं. पाठोपाठ दुसरं येतं, "मी काहीच बदललेलं नाहीये." दोन्ही वाक्यं तो अगदी मनापासून बोलतो आणि दोन्हींतलं निदान एक तरी खोटं असतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी या धंद्यात आले तेव्हापासून ही जोडगोळी ऐकतेय. गेली काही वर्षं तर ऐकायचे पैसेही घेते. दिवसा कंपनीची नोकरी, आणि रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप उघडून बसायचं. पलीकडे कुणीतरी रुतलेलं असतं, कधी बाणेरला, कधी न्यू जर्सीत. त्याचा स्क्रीन बघायचा, प्रश्न विचारायचे आणि दोघांनी मिळून तिढा सोडवायचा.

सासूबाईंना हा प्रकार पटत नाही. "नेटवर सगळं फुकट मिळतं म्हणतेस, मग तुला कशाला कोण पैसे देतं?" प्रश्न चोख आहे. सॉफ्टवेअरच्या जगात उत्तरांचा दुष्काळ कधीच नव्हता. तरी माणसं अडकतात, दिवसचे दिवस अडकतात, आणि हुशार माणसं जास्त अडकतात, कारण त्यांना विचारायची लाज जास्त वाटते. या धंद्यात उत्तर स्वस्त आणि विचारणं महाग, असं माझं मत होत गेलंय.

विचारायला खर्च कसला येतो? समजा, नवी लागलेली मुलगी सकाळी अकराला अडकली. सिनियरकडे जावं तर तो हेडफोन लावून बसलाय. प्रश्न बावळट निघाला तर? जरा अजून बघू. बघता बघता एक वाजतो. आता दोन तास गेलेत म्हटल्यावर नुसतं "जमत नाहीये" म्हणून जाता येत नाही, काहीतरी शोधलेलं दाखवायला हवं. चार वाजतात. सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, "आज होईल" असं सांगून ठेवलेलं असतं. दुसऱ्या दिवशी स्टँडअपला ती म्हणते, "ऑलमोस्ट डन." हे "ऑलमोस्ट डन" कानावर आलं की समजावं, आत कुणीतरी गटांगळ्या खातंय. जितका उशीर तितकी लाज जास्त, आणि जितकी लाज जास्त तितका पुढचा उशीर. व्याजावर व्याज चढत जातं.

पुष्कळ टीम्समध्ये यावर पंधरा मिनिटांचा नियम असतो. पंधरा मिनिटं स्वतः झटायचं, मग विचारलंच पाहिजे. नियम उत्तम आहे, नव्या माणसाच्या पहिल्या दिवशीच्या स्लाइडवर असतोही. फक्त त्या पंधरा मिनिटांना घड्याळ कोण लावणार, हे स्लाइडवर नसतं.

आमच्या सुरुवातीच्या दिवसांत विचारायला जागाच कमी होत्या. विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला देशात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं होतं खरं, पण आमच्या ऑफिसात ते कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर होतं आणि तिथं बसायला साहेबांची परवानगी लागायची. बाकी आधार म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीएनच्या, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या माहितीच्या, सीडींची चळत आणि अप्पा बळवंत चौकातून उचललेली, उशीला घेता येतील अशी जाड पुस्तकं. पण त्याहून मोठा आधार म्हणजे एक माणूस. तो प्रत्येक ऑफिसात असायचाच. पदानं मोठा नसायचा, पुष्कळदा प्रमोशनमध्ये मागेच पडलेला असायचा. त्याला सगळं ठाऊक असायचं. आमच्याकडचे गृहस्थ कुणी टेबलाशी येऊन उभं राहिलं की आधी स्वतःचं वाक्य पूर्ण टाइप करायचे, सेव्ह करायचे, मग खुर्ची वळवायचे. तेवढ्या वेळात निम्मी मंडळी "नंतर येतो" म्हणून पळायची. शहाणी मंडळी टेबलाशी जायचीच नाहीत. ती म्हणायची, "चहाला येताय का?" मग टपरीवर कटिंग हातात आल्यावर विषय काढायचा, तोही आपला नाहीच अशा थाटात. "ते लॉक सोडत नाही डेटाबेस कधी कधी, तुमच्याकडे होतं का हो असं?" गृहस्थ बिस्कीट बुडवता बुडवता सांगून टाकायचे. कुणी विचारलं नाही, कुणी शिकवलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही. काम मात्र झालेलं असायचं.

ही गोष्ट काही पुण्याची खासियत नव्हे. जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९७१ साली प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं, त्यात एका विद्यापीठाच्या संगणक केंद्राची हकिकत आहे. विद्यार्थी आपल्या प्रोग्रामचा निकाल घ्यायला एका मोठ्या खोलीत यायचे. खोलीच्या एका टोकाला नाणं टाकलं की खायचं-प्यायचं देणारी यंत्रं होती. शेजारी सल्लागारांची खोली, तिथं अडलेल्यांना मदत करायला दोन वरच्या वर्गातले विद्यार्थी बसवलेले. यंत्रांभोवती सदा घोळका, दंगा. कुणीतरी तक्रार केली, व्यवस्थापकानं येऊन पाहिलं आणि यंत्रं हलवली. आवाज बंद झाला. आणि थोड्याच दिवसांत वेगळीच तक्रार आली, की सल्लागार पुरत नाहीत! त्यांच्या दारापुढे रांगा लागायला लागल्या. चौकशीअंती उलगडा झाला तो असा, की त्या घोळक्यातली मुलं नुसत्या गप्पा मारत नव्हती. एकमेकांची अडलेली कामं तिथल्या तिथे मोकळी करत होती. सल्लागारांपर्यंत फक्त उरलेसुरले प्रश्न पोचत होते.

आपण हाच प्रयोग मार्च २०२० मध्ये देशभर एकदम करून पाहिला. हिंजवडीच्या टपऱ्यांवर सकाळी अकरा आणि दुपारी चारला गळ्यात आयकार्ड घातलेली जी झुंबड उडायची, ती एका रात्रीत बंद झाली. घरून काम सुरू झालं, आणि सगळे म्हणाले की कामात खंड पडला नाही. जुन्या लोकांचा नाहीच पडला. त्यांना कुणाला फोन करायचा ते माहीत होतं. पण त्या वर्षी कॉलेजातून थेट लागलेली जी पोरं होती, त्यांच्या घरी कुरिअरनं लॅपटॉप आला आणि टीममधल्या एकाही माणसाचा पूर्ण चेहरा त्यांनी पाहिला नाही. त्यांनी विचारायचं कुणाला? चॅटवर? चॅटवर विचारलेलं लेखी राहतं. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये आपला बावळट प्रश्न कायमचा टांगलेला, आणि त्याखाली कुणाचा तरी अंगठा. एकट्या सिनियरला लिहावं तर त्याच्या नावापुढे "बिझी"चा लाल ठिपका. तो लाल ठिपका दुपारी हिरवा होतो, पण तोवर आपला धीर गेलेला. मला बाहेरून येणारे कॉल वाढले ते त्या काळात. आणि येणाऱ्यांत बरेचसे असे होते, की त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच टीममधल्या कुणीही चालता चालता दिलं असतं.

इंटरनेटनं या कामी काहीच केलं नाही असं मुळीच नाही. फिनलंडमधल्या औलूच्या विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यानं १९८८ मध्ये आयआरसी, म्हणजे टाइप करून गप्पा मारायच्या खोल्यांची व्यवस्था, तयार केली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरचे प्रोग्रामर तिथल्या खोल्यांमध्ये पडीक असायचे. लिनक्सची खोली, पायथनची खोली. अनोळखी माणूस आत शिरून म्हणायचा, "एक प्रश्न विचारू का?" आणि कुणीतरी खेकसायचं, "विचारू का म्हणून विचारू नकोस, विचार!" तिथला शिरस्ताच तो. पुणेकराला परका वाटू नये असा. पण एकदा नीट विचारलं की समोर बसलेला माणूस, ज्याचं खरं नाव कधी कळायचं नाही, तो रात्री दोन वाजेपर्यंत तुमच्याबरोबर खपायचा. खपून झाल्यावर ते संभाषण वर सरकत नाहीसं व्हायचं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन दुसरा हजर.

जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरच्या प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ काढलं ते बरोबर उलट टोकाला. एक प्रश्न एकदाच, त्याचं उत्तर कायमचं, आणि पुढच्या हजारांनी शोधून वाचायचं. माझ्या पिढीचं अर्धं करिअर त्यावर उभं आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. पण तिथं प्रश्न टाकायचा तर तो नेमका हवा. चूक दाखवणारा लहानात लहान कोड वेगळा काढून द्यायला हवा, आधी काय काय करून पाहिलं ते सांगायला हवं, नाहीतर "आधीच विचारलेला" असा शिक्का बसून दार बंद. आता हे सगळं ज्याला जमतं तो मुळात अर्धा सुटलेलाच असतो. जो खरा गाळात आहे, त्याला आपला प्रश्न काय आहे हेच माहीत नसतं.

ही फट बऱ्याच जणांना दिसली. गूगलनं नोव्हेंबर २०१३ मध्ये हेल्पआउट्स नावाची सेवा काढली. व्हिडिओवर तज्ज्ञ गाठायचा, मग ते गिटार असो, योगासनं असोत की कोड. २० एप्रिल २०१५ ला ती बंदही केली. त्याच सुमारास फक्त प्रोग्रामरसाठीच्या सेवा निघाल्या, कोडमेंटर, हॅकहँड्स वगैरे. हॅकहँड्स २०१५ मध्ये प्लुरलसाइट या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीनं विकत घेतली. कल्पना सगळ्यांची एकच. बटण दाबलं की काही मिनिटांत त्या विषयातला जाणकार स्क्रीनवर हजर, आणि पैसे लागलेल्या वेळाप्रमाणे. मी यांपैकी कुणासाठी काम केलेलं नाही, पण लागलेल्या वेळाच्या हिशोबानं पैसे घेण्याची पद्धत सुरुवातीला मीही ठेवून पाहिली होती. मीटर सुरू आहे म्हटलं की पलीकडचा माणूस हकिकत सांगतच नाही. "ही एरर, हा कोड, काय चुकतंय सांगा." हकिकत सांगण्यात पैसे जातात ना! इकडे आपल्यालाही गप्प बसून कोड वाचायचा संकोच होतो, कारण आपली शांतता त्याच्या बिलावर चढतेय. आणि खरं काम नेमकं त्याच दोन ठिकाणी असतं, त्याच्या पाल्हाळात आणि माझ्या गप्प बसण्यात. आता मी बैठकीचे पैसे घेते, मग ती वीस मिनिटांत संपो की दीड तास चालो.

पाल्हाळात काय दडलेलं असतं, ते एका बैठकीवरून सांगते. हिंजवडीतल्या एका कंपनीतली मुलगी, विम्याचे अर्ज भरायच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी. तक्रार अशी, की ग्राहक जन्मतारीख १५ ऑगस्ट भरतो आणि पुढच्या पानावर त्याला १४ ऑगस्ट दिसते. सगळ्यांना नाही, काहींनाच. तिच्या मशीनवर तर कधीच नाही. तिनं पोस्टग्रेसचा, म्हणजे डेटाबेसचा, कोपरान् कोपरा धुंडाळला होता. तारखेच्या रकान्याचा प्रकार तपासला होता, आत साठलेली तारीख पाहिली होती, ती १५ च होती. सर्व्हरकडून येणारं उत्तर पाहिलं, १५. तिच्या ब्राउझरवर १५. टेस्टरच्या ब्राउझरवर १५. शेवटी ती वैतागून म्हणाली, "मॅम, मला वाटतं कस्टमरच चुकीची तारीख टाकत असणार."

स्क्रीन शेअरवर एक गंमत असते. माणूस बोलतो एक आणि त्याचा माउस सांगतो दुसरं. ती डेटाबेसबद्दल बोलत होती, पण ब्राउझरमधला कोड दाखवताना एका ओळीवरून दर वेळी भर्रकन खाली सरकायची. आलेल्या मजकुरातून जावास्क्रिप्टची तारीख बनवायची साधी ओळ ती. एवढ्या साध्या ओळीकडे काय बघायचं, असा तिचा हिशोब. मी त्या ओळीबद्दल काही बोलले नाही. विचारलं, "तक्रारी करणारे लोक राहतात कुठे?"

"म्हणजे?"

"तक्रारींची तिकिटं उघड ना. पत्ते असतील."

तिनं उघडली. टेक्सास, ओहायो, कॅलिफोर्निया, परत टेक्सास.

"इंग्लंडमध्ये तुमचे ग्राहक आहेत म्हणालीस. तिकडून?"

"तिकडून... एकही नाही."

"बरं, आता तुझ्या मशीनचा टाइमझोन न्यूयॉर्कचा कर आणि पान रिफ्रेश कर."

तिनं केला. पान आलं. १४ ऑगस्ट. क्षणभर काहीच आवाज नाही, मग "आईशप्पथ!" आणि मग ती स्वतःच भराभर बोलायला लागली, मला काही सांगायची गरजच उरली नाही.

कारण थोडक्यात असं. जावास्क्रिप्टला "१९९०-०८-१५" अशी नुसती तारीख दिली, सोबत वेळ नाही, तर ती भाषा तो क्षण ग्रिनिचच्या प्रमाणवेळेतली मध्यरात्र मानते. दाखवताना मात्र बघणाऱ्याच्या स्थानिक वेळेत दाखवते. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे ती पहाट साडेपाचची, तारीख १५ च. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ, तारीख १४. म्हणजे पुण्यात बसून ही चूक दिसणं शक्यच नव्हतं. तिची कंपनी, तिचे टेस्टर, तिचा मॅनेजर, सगळे ग्रिनिचच्या पूर्वेला! गंमत म्हणजे त्याच तारखेला सोबत वेळ जोडली, तर तीच भाषा ती स्थानिक वेळ धरते. असं का, याचं उत्तर भाषेच्या इतिहासात आहे आणि ते ऐकून कुणाचंही समाधान होत नाही. उपाय क्षुल्लक होता. जन्मतारीख हा काही क्षण नव्हे, तेव्हा तिला त्या यंत्रात घालायचंच नाही, मजकूर म्हणूनच वागवायचं.

हेच तिनं लिहून विचारलं असतं तर? तिनं पोस्टग्रेसबद्दल विचारलं असतं, कारण संशय तिथं होता. आणि जगभरच्या पोस्टग्रेसवाल्यांनी तिला पोस्टग्रेसबद्दल अगदी अचूक उत्तरं दिली असती.

अर्थात दर वेळी जाणकार लागतोच असं नाही. ब्रायन कर्निहान आणि रॉब पाइक यांच्या १९९९ च्या पुस्तकात एका विद्यापीठाच्या मदतकेंद्राचा उल्लेख आहे. तिथं टेबलाजवळ एक टेडी बेअर ठेवलेला असायचा, आणि विद्यार्थ्यानं आपली अडचण आधी त्या अस्वलाला समजावून सांगायची, मगच माणसाशी बोलायचं, असा नियम. सांगता सांगता आपलं आपणच कळतं, ही त्यातली युक्ती. दवाखान्याची पायरी चढली की दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार. माझ्या कित्येक बैठकांत मी अस्वलाचंच काम केलंय. "थांबा थांबा, मला कळलं," असं म्हणून माणूस पाचव्या मिनिटाला कॉल ठेवतो. त्याचे मी पैसे घेत नाही. सासूबाईंच्या मते घ्यायला हवेत.

मराठी माणसाच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट पाहिलीय. सुरुवातीची दहा मिनिटं सगळे इंग्रजीत बोलतात, ऑफिसातल्या कॉलवर बोलतात तसं, गुळगुळीत. त्यात कुठेही अडचण सापडत नाही, कारण ते बोलणं अडचण झाकायलाच शिकलेलं असतं. मग मी एखादा प्रश्न मराठीत टाकते. लगेच सूर बदलतो. "अहो, खरं सांगू का, हा भाग माझा नाहीच, आधी एक जण होता तो सोडून गेला, आणि हे असं का लिहिलंय ते मला कळलेलंच नाहीये." झालं. हे ऐकलं की मी वही जवळ ओढते.

या धंद्याची एक काळोखी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. तिला "जॉब सपोर्ट" म्हणतात. हैदराबादच्या अमीरपेठेत सॉफ्टवेअरच्या क्लासेसची जी गजबज आहे तिच्या आसपास हा व्यवहार वाढला, पण आता तो सगळीकडे आहे, पुण्यातही. अमेरिकेत कुणीतरी नोकरीला लागतो. बायोडेटावर जेवढं लिहिलंय तेवढं येत नसतं. मग भारतातला एक अनुभवी माणूस महिन्याच्या बोलीवर घ्यायचा. तिकडचा दिवस ती आपली रात्र, त्यामुळे वेळाही जुळतात. रोज दोन तास स्क्रीन शेअर, इकडच्यानं सांगायचं, तिकडच्यानं टाइप करायचं. कधी कधी तर इकडचाच टाइप करतो. नात्यातल्या ओळखीनं मलाही विचारणा झाली होती. मी नाही म्हटलं. त्यातलं उघड कारण असं, की कुठल्याशा बँकेचा कोड, तिचे पासवर्ड, तिच्या ग्राहकांची माहिती, सगळं एका तिऱ्हाइताच्या स्क्रीनवर पसरलेलं असतं आणि बँकेला पत्ता नसतो. माझ्या नेहमीच्या बैठकींतही मी पहिल्यांदा तेच बघते. पासवर्डची फाइल बंद कर, कंपनीची परवानगी आहे का सांग, नाहीतर अडचण वेगळी काढून नकली माहितीवर दाखव.

पण मला नुसता नैतिक संताप करता येत नाही. एच-वन-बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर तिथंच राहून दुसरी शोधायला फार तर साठ दिवस मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर घराचं भाडं, मुलीची शाळा, सगळं आवरून विमान. अशा माणसानं भर मीटिंगमध्ये "मला हे येत नाही" म्हणायचं कसं? विचारणं महाग असतं असं मी वर म्हटलं, त्याची ही सगळ्यात वरची किंमत. एवढी किंमत झाली की चोरबाजार उभा राहणारच. त्यात अडकलेला माणूस मात्र कधीच सुटत नाही, हे वाईट. रोज दुसऱ्याच्या आधारानं उभं राहिलं की आपल्याला काय येत नाही हेसुद्धा कळेनासं होतं.

आणि आता चॅटजीपीटी. ३० नोव्हेंबर २०२२ ला ते आलं, आणि डिसेंबरात स्टॅक ओव्हरफ्लोनं त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. बंदीनं उत्तरं थोपली असतील, पण विचारणारेच तिकडे वळायला लागले. वळणारच. त्या यंत्राला रात्री तीन वाजता विचारा, दहादा विचारा, लहान पोरासारखं विचारा, ते वैतागत नाही, हेडफोन लावून बसत नाही, आणि तुमच्या अप्रेझलमध्ये त्याचं मत कुणी घेत नाही. विचारायचा खर्च शून्यावर आला, एवढ्यासाठी मी त्याला मनापासून हात जोडते. माझ्याकडे पूर्वी येणारे साधे प्रश्न जवळजवळ बंद झाले, आणि मला त्याचं दुःख नाही.

आता येतात ते वेगळे. माणूस येतो तेव्हा त्यानं यंत्रानं सुचवलेले चार उपाय एकावर एक चढवलेले असतात. पहिला लागू पडला नाही म्हणून दुसरा, पण पहिला काढलेला नाही. मूळ चूक कुठे गेली ते देवाला ठाऊक, वर आणखी तीन नव्या. त्यामुळे हल्ली बैठकीची सुरुवात उत्खननानं होते. गिटवर, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जिथं साठतात तिथं, शेवटचा धड चालणारा कोड शोधायचा, बाकी सगळं बाजूला ठेवायचं, आणि म्हणायचं, "आता पहिल्यापासून सांग." यंत्राला पुरेशी माहिती दिली तर ते टाइमझोनची चूकही पकडतं, मी करून पाहिलंय. पण ती माहिती द्यायला हवी हे अडकलेल्याला सुचावं लागतं, आणि ते सुचत नाही म्हणूनच तर तो अडकलेला असतो. तो पोस्टग्रेसबद्दल विचारतो, यंत्र पोस्टग्रेसबद्दल सांगतं. अतिशय नम्रपणे, मुद्देसूद, आणि शेवटी "आणखी काही मदत करू का" असं विचारून. तक्रारी करणारे लोक राहतात कुठे, हे विचारावंसं वाटायला त्या मुलीचा थकलेला आवाज ऐकावा लागतो, आणि ती कुठली ओळ टाळतेय ते बघावं लागतं.

या सगळ्यातून दिवसाच्या नोकरीत मी एक उपद्व्याप सुरू केलाय. दुपारी तीन ते चार, रोज, एक उघडा कॉल. ज्याला यायचं त्यानं यावं. कॅमेरा बंद चालेल, रेकॉर्डिंग नाही, तिकीट नाही, आधी प्रश्न कळवायचा नाही. मी तिथं माझंच काम करत बसते, कुणी बोललं तर बोलते. सुरुवातीला कुणी फिरकायचंच नाही. मग नागपूरहून काम करणारा एक मुलगा उशिरा डबा खायला तिथं येऊन बसायला लागला. मग दोघी-तिघी. एकदा मी मधेच उठून दाराशी आलेल्या कुरिअरवाल्याशी हुज्जत घालत होते, परत आले तर दोन नवख्या पोरींनी एकमेकींचं अडलेलं सोडवून टाकलं होतं आणि विषय मिसळीवर गेला होता. नागपूरचा मिसळीबद्दल काहीतरी बोलला आणि त्याला चौघांनी मिळून गप्प बसवलं.

आमच्या मॅनेजरला कल्पना आवडली, म्हणूनच तो आता तिला हात घालू पाहतोय. त्याला डॅशबोर्ड हवाय. रोज किती प्रश्न आले, किती सुटले, सरासरी किती मिनिटं लागली. त्याचंही बरोबर आहे, त्याला वरती काहीतरी दाखवावं लागतं. मी सांगितलं, प्रत्येक प्रश्नाची नोंद व्हायला लागली की दुसऱ्या दिवशी खोलीत मी एकटी असेन. त्यानं "निदान एक्सेल तरी" म्हणून पाहिलं. बऱ्याच घासाघिशीनंतर तह झालाय तो असा, की महिनाअखेरीस मी फक्त हजेरीचा एकच आकडा द्यायचा. डबा खायला येणाराही मी त्यात धरते.